घेवड्यासाठी सायलेन्सर

घेवड्याला फूल यायच्या आत बंदुकीचा सायलेन्सर घरात आणून दाखवीन, असं ऑर्फा हेन्सलीने चर्चच्या पंगतीत चारचौघांसमोर सांगून टाकलं. एप्रिल महिना होता. घेवडा अजून पेरलासुद्धा नव्हता.

समोर तिची सख्खी धाकटी बहीण लोटी बसली होती. ती बटाट्याच्या कोशिंबिरीवरून नजर न उचलता म्हणाली, "सरकारी काम आहे, ताई. वर्ष वर्ष लागतं म्हणे."

"ज्यांच्या तोंडात जीभ नाही त्यांना लागत असेल. मला दोन महिने खूप झाले."

शेजारी तिचा नवरा हर्शेल कोंबडीची तंगडी सोलत होता. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी उभं राहून त्याचे कान कामातून गेले होते. त्याने विचारलं, "काय म्हणालीस?"

"दोन महिने!" ऑर्फा म्हणाली, आणि पलीकडच्या टेबलावरच्या तान्ह्या पोराने भोकाड पसरलं.

हा सगळा खटाटोप आईच्या घेवड्यासाठी होता. त्या घेवड्याची शेंग तेलात बुडवून काढल्यासारखी तुकतुकीत. डुकराच्या खारवलेल्या तुकड्याबरोबर दोन तास रटरटली की घरातला माणूस भांडण अर्धं टाकून ताटावर येऊन बसतो. बियाणाच्या दुकानात हा घेवडा मिळत नाही, पलीकडच्या दरीत तो कुणाला माहीत नाही. आजीने तो आईला दिला, आईने मरताना ऑर्फाला दिला. लोटीला आईने बकऱ्या दिल्या. ह्या वाटणीला तीस वर्षं झाली. दर वसंतात लोटीने मूठभर बी मागायचं, आणि दर वसंतात ऑर्फाने म्हणायचं, "तू बकऱ्यांना घालशील." झालं, विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात मांजराएवढी एक रानघूस कोठाराखाली बीळ करून राहिली. सकाळ-संध्याकाळ बाहेर यायची, मागच्या पायांवर उभी राहायची, पुढचे दोन पाय छातीशी धरायची, जेवणाआधी देवाचं नाव घेतात तशी, आणि मग वेलाच्या शेंड्यापासून सुरू करून बुडापर्यंत पोचायची. वर्षअखेरीस कॉफीच्या डब्यात, तळाला, बी उरलं एक मूठ. आजीपासून चालत आलेला घेवडा एका मुठीवर आला, आणि घूस पोट सांभाळत कोठाराखाली झोपायला गेली.

बंदूक चालवायला हर्शेल होता. पण कुंपणापलीकडे लोटीच्या एकोणीस बकऱ्या होत्या. त्या बकऱ्यांची जातच तशी. दचकल्या की चारी पाय ताठ, आणि धप्पकन आडव्या. घटकाभर ओंडक्यासारख्या पडून राहायच्या, मग उठून, काही घडलंच नाही अशा थाटात चरायला लागायच्या. हर्शेलने बार काढला की घूस बिळात, बकऱ्या जमिनीवर आणि लोटी कुंपणाशी. शेवटच्या बाराला मर्टल पडली ती थेट पाण्याच्या हौदात. मर्टल म्हणजे लोटीची लाडकी, दर ऑक्टोबरात जत्रेतून पहिल्या बक्षिसाची निळी फीत आणणारी. लोटीने तिला शिंगांना धरून बाहेर ओढलं आणि ओल्या बाह्यांनीच कुंपणाशी आली.

"आता एक जरी बार निघाला ना ताई, तर ट्रॉयला सांगीन."

ट्रॉय लोटीचा मुलगा. शेरीफच्या ऑफिसात नोकरीला, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला हातकड्या.

"सांग की," ऑर्फा म्हणाली. "त्याचे लंगोट मी बदललेत."

बोलली खरी, पण पुढे बार काही तिने निघू दिला नाही. कारण मर्टल कितीही नटवी असली तरी आईच्याच बकरीची पणती होती. ही गोष्ट ऑर्फाने कुणाला सांगितली नाही. तिने सापळा लावला, त्यात हर्शेलची टोपी अडकली. वाफ्याशेजारी रेडिओ ठेवला, तर घूस रेडिओला टेकून जेवली. शेवटी कुणीतरी म्हणालं, बंदुकीच्या तोंडाला सायलेन्सर बसवा. वीतभर नळी, बाराचा आवाज गिळणारी. घुशीला कळणार नाही, बकऱ्यांनाही कळणार नाही.

गावात बंदुकांचं दुकान एकच, गार्लंडचं. पाटीवर 'बंदुका, गळ, गांडुळं' असं लिहिलेलं. गार्लंडने नळी काढून काउंटरवर ठेवली. ऑर्फाने ती पिशवीत टाकली. गार्लंडने ती पिशवीतून परत काढली.

"काकू, अशी नेता येत नाही. पैसे आज द्यायचे, सरकारचा कर आज भरायचा, अर्ज आज करायचा. नळी माझ्या तिजोरीत राहणार. मंजुरीचं तिकीट आलं की घरी."

"कधी येतं ते?"

"नऊ महिने. दहा धरून चाला."

"गार्लंड, मला चार पोरं झाली," ऑर्फा म्हणाली. "प्रत्येकाला नऊच महिने लागले, आणि प्रत्येकाला नाक, डोळे, बोटं, सगळं नवीन बनवावं लागलं. ही तर नुसती नळी, आणि ती बनून तयार आहे. मग नऊ महिने ते तिकडे बसून बनवतायत तरी काय?"

  गार्लंड अर्ज पुढे ओढत म्हणाला, "एक सुचवू का? ट्रस्ट करा. कागदावर तुम्ही आणि हर्शेलकाका, दोघांची नावं घालू. एकट्या तुमच्या नावावर केली तर ती तुमच्याच ताब्यात राहायला हवी. काकांना ती एकट्याने घेऊन जाता येणार नाही. ते नेम धरतील तेव्हा तुम्हाला शेजारी उभं राहावं लागेल."

"पन्नास वर्षं उभीच आहे मी शेजारी. घेवडा माझ्या आईचा, नळी माझ्या नावावर."

"काका, तुमचं काय म्हणणं?"

हर्शेल गांडुळांच्या डब्यात बघत होता. "चांगली जाड आहेत," तो म्हणाला.

अर्ज भरता भरता एका रकान्यापाशी गाडी अडली. ही वस्तू तुम्हाला कशासाठी हवी, असं तिथे विचारलं होतं.

"इथे सगळे एकच लिहितात," गार्लंड म्हणाला. "'सर्व कायदेशीर कामांसाठी.' लिहू?"

"विचारलंय ना त्यांनी? मग नीट उत्तर द्यायला नको? आण इकडे ते पेन."

ऑर्फाने सहावीत शाळा सोडली होती, तंबाखूची पानं खुडायला. तेव्हापासून तिने लिहिलं ते वाणसामानाची यादी आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या. पण त्या दिवशी ती स्टुलावर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, अर्धा तास लिहीत होती. मागे गांडुळं घ्यायला आलेली तीन गिऱ्हाइकं खोळंबली. पुढची बाजू भरली तेव्हा तिने कागद उलटला.

'माझ्या आईचा घेवडा आहे,' असं तिने लिहिलं होतं. 'तो घूस खाते. घूस कोठाराखाली राहते. तिला मारायचं तर बंदूक वाजते. बंदूक वाजली की बकऱ्या पडतात. त्या बकऱ्या माझी धाकटी बहीण लोटी हिच्या आहेत, जिने जन्मात बकऱ्यांचे लाड करण्यापलीकडे काही केलेलं नाही. म्हणून नळी हवी. लवकर पाठवावी. घेवडा थांबत नाही.'

"काकू, हे एवढं..."

"एक अक्षर खोटं आहे का?"

गार्लंडने कागद घेऊन पाकिटात घातला. एक प्रत नियमाप्रमाणे शेरीफच्या ऑफिसातही जाते, हे त्याने तिला सांगितलं होतं. पण तेव्हा ऑर्फा लिहिण्यात गुंतली होती.

मग फोटो. फोटोत टोपी चालत नाही म्हणून सांगितलं, तर ऑर्फा म्हणाली की टोपीशिवाय तिला फक्त देवाने आणि हर्शेलने पाहिलंय, तिसऱ्याची गरज नाही. अखेर टोपी काढली, पण चेहरा असा केला की फोटो बघणाऱ्याने खुर्चीत जरा सरळ बसावं.

आणि मग बोटांचे ठसे. ते शेरीफच्या ऑफिसात ट्रॉयच घ्यायचा. त्याने मावशीचं एकेक बोट धरलं, शाईवरून लोळवलं, कार्डावर लोळवलं. दहा चौकोनांत दहा काळे डाग उठले. रेघ म्हणून कुठे नाही.

"मावशी," ट्रॉय डोकं खाजवत म्हणाला, "तुझ्या बोटांवर काहीच नाही गं."

"काहीच नाही म्हणजे? साठ वर्षं तंबाखू खुडलाय, घरचा साबण ढवळलाय, शेंगांच्या शिरा ओढल्यात. बोटं झिजणार नाहीत तर काय होणार? तुझ्या आईची बघ. तिच्या बोटांवर रेघा अशा मिळतील, जशा दुकानातून कालच आणल्यात."

"हे परत येईल बघ."

"पाठव तू."

त्याने पाठवलं. आणि आठवड्याभराने अर्जाची प्रत टपालाने त्याच्याच टेबलावर आली. ट्रॉयने ती वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली, आणि रात्रीच्या जेवणात आईला सांगितली. ट्रॉय पोलिसात असला तरी पोटात काही ठेवणारा नव्हता.

लोटी भांडायला आली नाही. ती ऑर्फाशी बोलायचीच बंद झाली. मात्र ऑर्फा वाफ्यात दिसली की ती कुंपणाशी येऊन बकरीच्या गळ्यात हात टाकायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "ये गं मर्टल, ये. तुझे लाड करू दे. मला बाई जन्मात दुसरं काही आलंच नाही."

ऑर्फा ओणवी होऊन तण उपटत राहायची. तण नसलं तरी.

मे महिन्यात तिने अर्धी मूठ बी पेरलं, अर्धं डब्यात राखलं. वाफ्याला कोंबड्यांची जाळी लावली, जाळीखालून घुशीने वाट काढली. जुलैत उरलेल्या वेलांना फूल आलं. सायलेन्सर तिजोरीतच. चर्चमधल्या बायका फार सभ्य होत्या, कुणी काही विचारलं नाही. फक्त दर रविवारी कुणीतरी म्हणायचं, "ऑर्फा, घेवडा फुलला असेल ना आता?"

शनिवारी ती गार्लंडच्या दुकानात जायची. तो तिजोरीतून नळी काढायचा, ती हातात घ्यायची, पुसायची, वजन अजमावायची आणि परत द्यायची. तुरुंगातल्या भाच्याला भेटून यावं तसं. सोमवारी ती सरकारी ऑफिसात फोन लावायची. तिकडे एक बाई होती, तिचा आवाज साखरेच्या पाकातून काढलेला.

"तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे, मॅडम."

"गेल्या सोमवारीही तिथेच होता."

"होय, मॅडम."

"तुमचं जेवण झालं का?"

"अं... नाही, मॅडम."

"मग जेवून घ्या आणि जेवणानंतर माझा कागद उचला. वरच्यावर ठेवा. कशाखाली असेल तर काढा."

ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. ऑर्फाने टोपी घालूनच ते उघडलं. आत तिचीच कार्डं होती. ठसे वाचता येत नाहीत, नवे पाठवा.

ट्रॉयने कुठूनसं विचारून आणलं. "मावशी, रेघा परत येतात. पण तीन आठवडे हाताला काम नाही लावायचं. भांडी नाही, धुणं नाही, माती नाही, शेंगा नाहीत. व्हॅसलीन लावायचं आणि वरून सुती हातमोजे. दिवस-रात्र."

"ऑगस्टात?" ऑर्फा म्हणाली. "टोमॅटो पिकलेत, मका तयार आहे, काकड्या डोक्याएवढ्या झाल्यात, आणि मी हातमोजे घालून बसू?"

"नाहीतर पुढच्या उन्हाळ्यालाही नळी नाही."

ऑर्फाने खिडकीतून बाहेर पाहिलं. घूस वाफ्यात उभी राहून देवाचं नाव घेत होती.

"आण ते हातमोजे," ती म्हणाली.

पहिले तीन दिवस स्वयंपाकघर हर्शेलने सांभाळलं. पहिल्या दिवशी पातेलं करपलं, दुसऱ्या दिवशी झाकण करपलं, तिसऱ्या दिवशी त्याने डब्यातले मासे डब्यासकट ताटात वाढले. ओसरीवर टोमॅटो तडकायला लागले. ऑर्फा डोलखुर्चीत पांढरे हातमोजे घालून बसली होती, आणि ओरडून ओरडून तिचा घसा हर्शेलच्या कानाइतकाच कामातून जायच्या बेतात होता. चौथ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं आणि लोटी आत आली. स्वतःचा एप्रन बांधून आली होती.

"मी कुणाला मदत मागितली नाही," ऑर्फा म्हणाली.

"माहीत आहे. तुला मागता येत नाही. भावोजी, सरका तिकडे."

मग तीन आठवडे लोटी रोज आली. टोमॅटो सोलले, मका खरवडला, बरण्या उकळल्या, भरल्या, झाकणं घट्ट केली. तोंडाने फार बोलली नाही. फक्त प्रत्येक बरणी फळीवर ठेवताना म्हणायची, "जन्मात काही न केलेल्या बाईची ही सातवी." दुसऱ्या आठवड्यात हा आकडा एकतीसवर गेला. ऑर्फा हातमोज्यांतली बोटं एकमेकांत गुंतवून छताकडे बघत बसायची.

"झाकणं जरा आणखी आवळ," ती एकदा म्हणाली.

"ही घे, तू आवळ."

ऑर्फाने हातमोजे वर करून दाखवले.

"अगं हो, विसरलेच. लाड चाललेत नाही का तुझे."

शेवटच्या दिवसांत घेवड्याच्या शेंगा वेलावर वाळल्या. घुशीने सोडल्या तेवढ्याच, जेमतेम ओंजळभर. लोटी ओसरीच्या पायरीवर बसून त्या सोलत होती. ऑर्फाचे डोळे तिच्या हातांवरून हलत नव्हते.

"एकूण एक बी डब्यात पडू दे हं, लोटी."

"हो, ताई."

लोटी इतक्या गरिबीने 'हो, ताई' म्हणाली, तेव्हाच ऑर्फाला संशय यायला हवा होता. पण हातमोज्यांत माणसाची अक्कलसुद्धा मऊ पडत असावी.

सप्टेंबरात ट्रॉयने पुन्हा ठसे घेतले. पहिलंच बोट कार्डावरून उचललं आणि दोघं वाकून बघायला लागले. रेघा आल्या होत्या. बारीक, गोल गोल, वेलाच्या तंतूसारख्या वळत गेलेल्या. ऑर्फा बराच वेळ बघत राहिली. सहावीत असताना पाटीवर ओला अंगठा उठवला की असंच काहीसं दिसायचं.

"छान आलेत, मावशी."

"येणारच. साठ वर्षं राबले तेव्हा सरकारला मी दिसत नव्हते. तीन आठवडे ऐतखाऊपणा केला, लगेच दिसायला लागले."

कार्डं गेली. थंडी आली, गेली. साखरेच्या पाकातली बाई नाताळात म्हणाली की अर्ज प्रक्रियेत आहे, ईस्टरला म्हणाली की अर्ज प्रक्रियेत आहे. तोवर तिच्या घरातलं सगळं ऑर्फाला कळलं होतं, नवऱ्याच्या गुडघ्यापासून सासूच्या मांजरापर्यंत. मे महिन्यात ऑर्फाने डबा उपडा करून सगळं बी पेरलं. एकच ओळ. राखून ठेवायला काही उरलं नाही. ह्या ओळीला शेंग धरली तर आईचा घेवडा, नाहीतर उरला नुसता आईचा फोटो.

घुशीने जूनभर ती ओळ खाल्ली. वरच्या अंगाने सुरुवात केली आणि पद्धतशीर खाली येत राहिली. महिनाअखेरीला सहा वेल उरले, तेव्हा गार्लंडचा फोन आला.

"काकू, तिकीट आलं."

ऑर्फा टोपी घालून गेली. तिकीट लावलेला कागद तिने वाचला, छातीशी धरला, नळी पिशवीत टाकली, आणि ह्या वेळी गार्लंडने ती बाहेर काढली नाही. दुकानात होते नव्हते तेवढ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना ती म्हणाली, "दोन महिने म्हटलं होतं मी. वर तेवढे थोडे लागले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हर्शेल ओसरीच्या कठड्यावर बंदूक टेकवून बसला. बंदुकीला नळी. शेजारी, कायद्याप्रमाणे, ऑर्फा उभी. कुंपणापलीकडे एकोणीस बकऱ्या दवात चरत होत्या, आणि लोटी दुधाची बादली घेऊन मुद्दामच तिथे रेंगाळत होती.

सहा वेलांपैकी चार आदल्या संध्याकाळीच संपले होते. घूस आली. उभी राहिली. पाय छातीशी धरले.

"मार," ऑर्फाने त्याच्या पाठीवर टिचकी मारली.

हर्शेलने चाप ओढला. कुणी पुस्तक मिटावं तेवढा आवाज झाला. गोळी घुशीच्या उजवीकडे वीतभर मातीत शिरली. घुशीने मान वळवून मातीकडे पाहिलं आणि पाचव्या वेलाला तोंड लावलं. पलीकडे एकोणीस बकऱ्या उभ्या होत्या. एकीचं शेपूटसुद्धा हललं नाही. लोटीची बादली हातातच राहिली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ऑर्फाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पण हर्शेल स्वस्थच होता. त्याने बंदूक उचलली, नळीकडे बघितलं, कानापाशी धरून हलवली.

"उडाली का?" त्याने विचारलं.

"उडाली," ऑर्फा दातांतून म्हणाली. "पुन्हा मार. डावीकडे."

"काय?"

"डावीकडे."

"अडकलीय वाटतं," हर्शेल म्हणाला आणि नळी काढायला लागला. घुशीने पाचवा वेल संपवून सहाव्याकडे तोंड वळवलं. शेवटच्या वेलाकडे. मग काय होणार? पन्नास वर्षांची सवय, चौदा महिन्यांचा दम, तीन आठवड्यांचे हातमोजे, सगळं एकदम वर आलं.

"उडाली ती, हर्शेल! डावीकडे मार! डावीकडे!"

दरीच्या पलीकडून तिचंच 'डावीकडे' परत आलं. घूस तीरासारखी उधळली ती सहाव्या वेलातूनच, त्याला मुळासकट पायात गुंतवून घेऊन बिळात गेली. आणि कुंपणापलीकडे एकोणीसच्या एकोणीस बकऱ्या, पाय ताठ करून, धप, धप, धप, आडव्या झाल्या. मर्टल सगळ्यांत शेवटी, जरा नजाकतीने.



लोटीने बादली खाली ठेवली. "ताई," ती म्हणाली, "बंदुकीने निदान सहा-सातच पडायच्या."

"मग वर्षभर बंदुकीच्या नावाने का ओरडत होतीस?"

"तुझ्या तोंडाबद्दल बोलायची माझी छाती नव्हती."

 ऑर्फा वाफ्यापाशी गेली. सहा काठ्या उभ्या होत्या, आणि काठ्यांना काही नव्हतं. तिने वाकून एक काठी उपटली, मातीत पुन्हा रोवली. हर्शेल तिच्यामागे येऊन उभा राहिला, आणि त्याला ऐकू येत नसलं तरी दिसत होतं, म्हणून त्याने शेजारची काठी सरळ केली.

"इकडे ये जरा," लोटीने कुंपणाचं फाटक उघडलं.

बकऱ्यांच्या गोठ्यामागे, दक्षिणेच्या भिंतीला, बकऱ्यांचं तोंड पोचणार नाही अशा आडोशात, दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्यांवर अकरा वेल चढलेले. पांढरी फुलं, आणि खालच्या अंगाला, बोटाएवढ्या, तेल लावल्यासारख्या तुकतुकीत शेंगा. भोवती दिवसभर बकऱ्यांचा वावर, त्यामुळे घुशीने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

ऑर्फाने शेंग हातात घेतली. उलटी केली. तिला ओळखायला चष्मा लागला नाही.

"ऑगस्टात," लोटी म्हणाली. "अकरा बिया. एप्रनच्या खिशात. तू छताकडे बघत होतीस."

ऑर्फाने छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. आतमध्ये तीस वर्षांचं साठलेलं, धाकटीला सुनवायचं, सगळं तयार होतं. तेवढ्यात लोटीने एक बोट वर केलं आणि मागे दाखवलं. बकऱ्या नुकत्याच एकेक करून उठत होत्या. मर्टलचे पुढचे पाय उभे राहिले होते, मागचे अजून विचारात होते.

ऑर्फाने तोंड मिटलं. घास नरड्याखाली ढकलावा तसं सगळं परत खाली ढकललं. आणि जन्मात पहिल्यांदा, मांजराच्या पिल्लालाही जाग येणार नाही अशा आवाजात म्हणाली, "चोरटी."

"हो, ताई."

"शेंगा वाळल्या की..." ती थांबली. हे वाक्य तिने कधी बोलून पाहिलं नव्हतं. "मला मूठभर बी देशील?"

लोटीने एप्रनला हात पुसले. तिला घाई नव्हती.

"बघू. अर्ज कर," ती म्हणाली. "फोटो लाव, टोपीशिवाय. बोटांचे ठसे दे. आणि कशासाठी हवंय ते लिही. माझ्याबद्दल काय लिहायचं, ते ह्या खेपेला जरा विचार करून. नऊ महिने लागतील. दहा धरून चाल."

त्या दुपारी ऑर्फा स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली. 'माझी धाकटी बहीण लोटी' एवढं लिहिलं आणि पुढचं अडलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. हर्शेल दोनदा येऊन काय करतेस म्हणून विचारून गेला. संध्याकाळपर्यंत तिचे चार कागद वाया गेले. शेवटी पाचव्यावर तिने लिहिलं, 'सर्व कायदेशीर कामांसाठी', आणि खाली तुतीच्या रसात बुडवून अंगठा उठवला.

तो अर्थात नुसता डागच उठला, रेघ एक नाही. लोटीने चालवून घेतला.